ज्याचा हिस्सा नाही त्याचा हात

किशनकाका आमच्या नात्यातले नव्हते. घराला घर लागून होतं, मधल्या कुडाला एक भगदाड पडलं होतं आणि त्यातून विस्तव, ताक आणि भांडणं इकडून तिकडे जात. एवढ्यावर ते माझे काका झाले. उंच, वाकलेले, डोक्याला मळका पटका, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे न बघता त्याच्या हातांकडे बघायची खोड. नव्या माणसाला वाटे, आपल्या हाताला काहीतरी लागलंय. तो हात धोतराला पुसायचा आणि काका पुसलेल्या हाताकडेही तसेच बघत राहायचे.

आमच्या गावाहून पहाटे गाडी जुंपली की ऊन चढायच्या आत आखाडा बाळापूरचा बाजार गाठता येई. उलट्या दिशेला चालत गेलं की पैनगंगा. अलीकडे निजामाचं राज्य, पलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड. मला दिली ती पलीकडे, उमरखेडच्या बाजूला. काका म्हणायचे, "गोदे, तू परमुलखात गेलीस, आता तुला कायदा येगळा." मला दोन्हीकडे चूलच फुंकायची होती, पण काकांना कायद्याचा भारी सोस.

शेती त्यांची बेताची आणि लक्षही बेताचंच. गाव त्यांना ओळखत होतं ते चिठ्ठ्या टाकण्यासाठी. भावाभावांत वाटण्या व्हायच्या असोत, पाटाच्या पाण्याची पाळी ठरायची असो, सगळे शेवटी काकांच्या ओसरीवर यायचे. काका वर्तमानपत्राची कोरी कड फाडायचे, सारख्या पट्ट्या करायचे, नावं लिहायचे. पार्वतीकाकू, म्हणजे त्यांची बायको, ज्वारीचं पीठ मळून आणून ठेवायच्या. एकेका पट्टीभोवती पिठाची गोळी, सगळ्या गोळ्या सारख्या, आणि त्या आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या तांब्यात. मग काका तोंडावर हात ठेवून तांब्या हलवायचे आणि मान वर करून विचारायचे, "हात कोणाचा?"

हा प्रश्न म्हणजे सगळ्यात मोठी अडचण. कारण काकांचा नियम असा की ज्याचा त्या गोष्टीत हिस्सा नाही त्यानंच चिठ्ठी काढायची. गावात हिस्सा नसलेला माणूस सापडणं अवघड. कुणी कुणाचा मेहुणा, कुणी कुणाचा साडू, कुणाचं कुणाशी बोलणं बंद, तोही एक प्रकारचा हिस्साच. म्हणून बहुतेक वेळा गावाबाहेरच्या लमाणांच्या तांड्यावरच्या भीमाला बोलावणं जाई. भीमा कंटाळलेला यायचा, गोळी काढून द्यायचा आणि पार्वतीकाकूंच्या हातची भाकरी खाऊन परत जायचा. कोणाचं काय निघालं हे विचारायलाही थांबत नसे. काकांना तो त्यासाठीच आवडायचा.

निघालं ते निघालं, दुसऱ्यांदा टाकायची नाही, हा दुसरा नियम. एकदा दोन भावांच्या वाटणीत विहिरीचा तुकडा धाकट्याला निघाला. थोरल्यानं ती विहीर स्वतः खांदली होती. तो ओसरीवर बसून लेकरासारखा रडला. म्हणाला, "किशनराव, एक डाव पुन्ना टाका. तुमाला काय तकलीफ हाये?"

"तकलीफ मला न्हाई," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा टाकली का ती चिठ्ठी ऱ्हात न्हाई. ती मंग आपली मर्जी व्हते. मर्जीनंच करायचं व्हतं तर घरी करायचं, हितं काहून आले?"

थोरला उठून गेला. पुढे त्यानं काकांशी राम राम ठेवला नाही. काकांना त्याचं काही वाटल्याचं दिसलं नाही. सगळ्यांशी सारखंच वागणारा माणूस कधी कधी दगडासारखा वाटतो, तसे ते मला तेव्हा वाटायचे.

पण या दगडाला एक वेड होतं. हिंगोलीच्या स्टेशनाबाहेर एक चहावाला रद्दी विकायचा. तिथून काका जुनी वर्तमानपत्रं गठ्ठ्यानं आणायचे, आणि त्यात जगातल्या कुठल्याही मुलखातल्या सोडतीची बातमी असली की तेवढीच कापून ठेवायचे. इंग्रजी बातम्या पोस्टातल्या बाबूकडून वाचून घ्यायचे. संध्याकाळी घरासमोरच्या पारावर माणसं जमली की काका सुरू. इंग्रजांच्या मुलखात सोडत काढली तर गुन्हा, पण साहेब स्वतः घोड्यावर पैसे लावतो ते चालतं. गोव्यात पोर्तुगीज सरकारच्या परवान्यानं धर्मादाय संस्था सोडत काढते आणि गोरगरिबांच्या नावानं काढते. फ्रान्सात लढाईत हातपाय गेलेल्या शिपायांसाठी सरकारनंच सुरू केली. अमेरिकेत पूर्वी फार चालायची, लबाड्या इतक्या झाल्या की सोडतीचं तिकीट टपालानं पाठवायलाही बंदी आली. आयर्लंडात घोड्यांच्या शर्यतीवर इस्पितळांसाठी काढतात, एवढं मोठं पिंप फिरवतात आणि तिकीट काढायला नर्सबायांना उभं करतात. स्पेनमध्ये अनाथाश्रमातली पोरं आकडे गाऊन सांगतात.

"ह्ये बराबर हाये," काका स्पेनवर आले की थांबून म्हणायचे. "अनाथ पोरगं. त्याचा कोन्हातच हिस्सा न्हाई."

पार्वतीकाकू दारातून ऐकत असायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "आन् नर्सबायांचा काय? त्यायला नवरे न्हाईत का तिकिटं घेतलेले?" माणसं हसली. काका हसले नाहीत. ते दोन दिवस विचारात होते आणि मग भगदाडातून माझ्या आईला सांगून गेले की काकूचा मुद्दा बिनतोड आहे, आयर्लंडवाल्यांनी इथे चूक केली.

आपल्या निजामी मुलखात सोडतीला परवानगी आहे की नाही, हे विचारायला ते एकदा कळमनुरीला तहसिलीत गेले होते. तिथल्या पेशकारानं त्यांना दुपारपर्यंत बसवून ठेवलं आणि मग विचारलं, "तुम्हारा कितना रुपिया डूबा?" काका म्हणाले, काही बुडालं नाही, नुसतं जाणून घ्यायचंय. ज्याचं काही बुडालं नाही तो तहसिलीत येईलच कशाला, हे पेशकाराला पटेना. त्यानं काकांना वेडा ठरवून हाकललं. काका परत येऊन म्हणाले, "आपल्याकडं कायदा हाये, पर तो कोन्हाला सांगत न्हाईत."

स्वतः त्यांनी एकच तिकीट घेतलं. हिंगोलीच्या जुन्या छावणीत एक गोव्याचा पाववाला होता, त्याच्याकडून आयर्लंडचं. ते चोरून विकलेलं, बाहेर काढायचं नव्हतं, म्हणून पंचांगात घालून ठेवलं. माझा भाऊ दत्ता आणि काकांचा माधव तेव्हा बरोबरीचे, मिसरूड फुटत होतं. ते दोघं काकांना चिडवायचे, "काका, घोडं जिकलं का?" काका म्हणायचे, "मला जिकायचं न्हाई. आपली चिठ्ठी इतक्या लांब जाऊन त्या पिंपात पडली, बस झालं." निकाल लागून किती महिने झाले असतील, त्यांनी कधी चौकशी केली नाही.

नरसीच्या जत्रेतली गोष्ट सांगितली पाहिजे. तिथे दुकानांच्या जागांवरून दरसाल मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून एका वर्षी दुकानदारांनी काकांना नेलं. लिंबाच्या सावलीतली जागा सगळ्यांना हवी होती. एका रेवडीवाल्यानं गोळ्या वळायला मदत करतो म्हणून आपल्या गोळीत चिमूटभर कापूर घातला आणि चिठ्ठी काढायला वाटसरू म्हणून आपलाच भाचा पुढे केला. भाच्यानं तांब्यावर वाकून वास घेतला तसं काकांनी त्याचं मनगट धरलं. त्यांची नजर हातावर असायची, नाक मात्र त्या दिवशी कामाला आलं. सगळ्या गोळ्या फोडल्या, नवं पीठ मळलं, एका आंधळ्या वारकऱ्याला हाताला धरून आणलं. त्यानं गोळी काढली. आणि लिंबाखालची जागा त्या रेवडीवाल्यालाच निघाली.

लोक खवळले. म्हणाले, ह्या चोराला जागा द्यायची नाही. काका म्हणाले, "चोरी त्यानं पहिल्या टायमाला केली. ह्या टायमाला न्हाई केली." आणि पटका झटकून गावी निघून आले. माझे वडील म्हणाले, या माणसाला व्यवहार कळत नाही. मलाही तेच वाटलं होतं. आता वाटतं, त्यांना तेवढाच एक व्यवहार कळत होता.

मग ते गडबडीचं साल आलं. इंग्रज गेले होते, निजाम होता. टोळ्या फिरत होत्या, गावं जळत होती, कुठली बातमी खरी ते कळत नव्हतं. नदीकाठची गावं एकेक करून वऱ्हाडात जाऊ लागली. मी तेव्हा माहेरी होते, बाळंतपणासाठी आले होते. लेकरू जन्मून राहिलं नाही. त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. एवढंच की त्या दिवसांत माझ्या आजूबाजूला जे झालं ते मी काचेतून बघावं तसं बघितलं.

उन्हाळा होता, पैनगंगेला घोट्याएवढं पाणी. एका सकाळी शेजारचं गाव पेटल्याचा धूर दिसला आणि आमच्या गावानंही निघायचं ठरवलं. पण आमच्याकडे गाव मोकळं सोडत नाहीत. मारुतीपुढे सांजेला दिवा लागला पाहिजे, निदान दोनचार चुलींतून धूर निघाला पाहिजे. लांबून बघणाऱ्याला वाटलं पाहिजे की गावात माणूस आहे. दिवा विझलेलं गाव लुटायला सोपं, असं सगळे मानत होते. शिवाय म्हातारे धोंडबा पायानं अधू, ते यायला तयार नव्हते. त्यांना भाकरी घालायला आणि दिवा लावायला एक धडधाकट माणूस मागे ठेवायचा ठरला. लग्न न झालेल्या पोरांपैकी एक. राहिला तो मरेल, हे कुणी बोलून दाखवलं नाही. सगळ्यांना ते माहीत होतं.

पोरांच्या आयांनी आपापली पोरं अंगाशी धरली. तेव्हा कुणीतरी म्हणालं, किशनरावच ठरवतील.

काका ओसरीवर बसले. बाहेर गाड्या जुंपलेल्या, बैल शेपट्या हलवत उभे. पार्वतीकाकूंनी पीठ मळून आणलं. पोरांत माधव होता आणि माझा दत्ताही होता. काका नावं लिहीत गेले, गोळ्या वळत गेले, एकेक तांब्यात टाकत गेले. आपल्या घरचं नाव त्यांनी शेवटी टाकलं. मग मान वर करून म्हणाले, "हात कोणाचा?"

तांडा दोन दिवस आधीच उठून गेला होता. भीमा नव्हता. उरलेल्या प्रत्येकाचा कुणी ना कुणी तांब्यात होता. काकांची नजर सगळ्यांच्या हातांवरून फिरली आणि माझ्या हातांवर थांबली.

"गोदे, तू ये."

माझी आई म्हणाली, "तिचा भाऊ हाये की त्यात."

"दिलेली लेक हाये ती," काका म्हणाले. "परक्या घरची, परमुलखातली. तिचा ह्या गावात हिस्सा न्हाई."

कुणालाही त्यात चूक वाटली नाही. आईलाही नाही, मलाही नाही. आमच्याकडे लेक एकदा दिली की दिली. मी उठले, तांब्यात हात घातला, बोटांना लागली ती गोळी काढली आणि काकांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती फोडली, पट्टी वाचली आणि तशीच माझ्या वडिलांच्या हाती दिली. वडिलांनी वाचून ती घडी करून परत दिली.

"माधव," काकांनीच सांगितलं.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही की दत्ता नाही. त्यानंतर काहीच आलं नाही.

वडील म्हणाले, "किशन, एकुलता एक हाये तुझा. पुन्ना टाक. कोन्ही काही म्हननार न्हाई." आणि खरंच, कुणीही काही म्हटलं नसतं. ज्यांची पोरं वाचली होती ती माणसंही मान हलवत होती. काकांनी उरलेल्या गोळ्या एकेक फोडून, नावं सगळ्यांना दाखवून, पीठ बैलांपुढे टाकलं. तांब्या पालथा घातला.

माधव म्हणाला, "ऱ्हातो म्या. दिव्याला तेल तेवढं ठिवून जा." त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. पार्वतीकाकूंनी बांधलेलं भाकऱ्यांचं गाठोडं सोडलं, अर्ध्या भाकऱ्या काढून चुलीपाशी ठेवल्या आणि पुन्हा गाठ मारली. नवऱ्याकडे त्यांनी बघितलं नाही. आम्ही निघालो.

वऱ्हाडात काका आणि काकू माझ्या सासरी गोठ्याला लागून असलेल्या खोलीत राहिले. सासरे चांगले होते, ज्वारी देत होते. काका दिवसभर पडेल ते काम करायचे. दिवेलागणीला मात्र हातातलं टाकून उभे राहायचे, तोंड नदीकडे. थोडा वेळ उभं राहून पुन्हा कामाला लागायचे. माझ्या दिरानं एकदा त्यांना बरं वाटावं म्हणून त्या परदेशातल्या सोडतींचं विचारलं. काकांनी सगळं सांगितलं, गोवा, फ्रान्स, आयर्लंड, काही न गाळता. शाळेतलं पोर धडा म्हणतं तसं. स्पेनच्या अनाथ पोरांपाशी आले आणि तिथेही न थांबता पुढे गेले. दिरानं परत कधी विचारलं नाही.

पावसाळा सरला, निजामी गेली, माणसं परत फिरली. गाव उभं होतं. चारदोन छपरं गेली होती, बाकी सगळं जागच्या जागी. धोंडबाही जिवंत होते. त्यांनी सांगितलं, पोळ्याच्या सुमारापर्यंत माधव रोज दिवा लावत होता. एक दिवस घागर घेऊन नदीला गेला तो आला नाही. घागरही आली नाही. त्या दिवसापासून दिवा धोंडबांनी फरफटत जाऊन लावला.

कुणी माधवला पलीकडे बघितल्याचं सांगायचं, कुणी काही. काकू रोज तिघांच्या भाकऱ्या करत. काकांना कुणी चिठ्ठ्या टाकायला बोलावलं नाही. भांडणं होत होती, पण माणसं ती आपसांत मिटवत किंवा तशीच ठेवत. गाव काकांवर रागावलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर यायला गावाला जड जात होतं, एवढंच.

मी दिवाळीला माहेरी गेले. भाऊबीजेच्या दिवशी सकाळी अंगण सारवत होते तर काका आले. कुडातून हाक मारायची त्यांची रीत, पण त्या दिवशी रस्त्यानं फिरून दारातून आले. ओसरीच्या खांबाला धरून उभे राहिले. मी म्हटलं, "बसा काका, चहा टाकते." ते बसले नाहीत. माझ्या हातांकडे बघत होते, शेणानं भरलेल्या.

"गोदे, एक इचारायचं हाये. खरं सांगशील?"

"सांगते."

"तू हात घातला तवा गोळी कोन्ती घेतली? वरची का खालची?"

मला आठवायला वेळ लागला नाही. मी म्हटलं, "वरची. बोटाला लागली ती."

ते मान हलवत राहिले. मग म्हणाले, "आपल्या घरचं नाव शेवटी टाकायचं, ही माझी रीत. आपुन म्होरं घुसू नाई म्हणून. शेवटी टाकलं का ते वर ऱ्हातं. म्हणून तोंडावर हात ठिवून तांब्या हलवायचा असतो. हर टायमाला हलवतो म्या." त्यांनी आपला तळहात उताणा करून बघितला. "त्या दिशी गाड्या जुतेल व्हत्या. घाई झाली. हलवायचा राह्यला."

मी बोटांमधलं शेण दुसऱ्या हातानं निपटत राहिले. 

"म्हंजे ती चिठ्ठी नव्हतीच," काका म्हणाले. "म्या माझ्या हातानं माधवला वर ठिवलं अन् तुला म्हनलं काढ. तुझा बाप म्हनत व्हता पुन्ना टाक, तवा टाकायलाच पाह्यजे व्हती. ते नेमात बसत व्हतं."

आवाज चढला नाही, डोळ्यांत पाणी आलं नाही. एखादा हिशेब जुळल्यावर माणूस जसा पान उलटतो तसे ते वळले. जाताना म्हणाले, "तुझ्या काकीला सांगू नको." त्यांची पाठ फाटकातून बाहेर गेली, पटक्याचा सोगा खांद्यावरून लोंबत होता. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेवढंच. संक्रांतीच्या आत ते गेल्याचा निरोप सासरी आला.

त्यांनी सांगितलं ते मी काकूला सांगितलं नाही. आईलाही नाही, दत्तालाही नाही. तांब्या हलवला असता तर कोणाचं नाव वर आलं असतं, हे मी पुष्कळदा मनात आणून बघितलं आहे. मनात येतं आणि पुढे काही होत नाही.

त्या सकाळी मी हात धुतले. आतून आई म्हणाली, "गोदे, कोन व्हतं ग? पोरगं किती येळचं पाटावर बसून हाये." मी आत गेले आणि दत्ताला ओवाळलं.